चौदा माणसं, चौदा पत्रं!

नव्या कामगार संहितांनी तुमच्या एचआरला घाम फोडलाय? मग जरा आमगावच्या एका छोट्या राइस मिलमध्ये डोकावून बघा. तिथे एचआर नाही, पेरोल सॉफ्टवेअर नाही, एसी तर नाहीच नाही. आहेत फक्त मामा, मुनीम आणि एक अवघड प्रश्न...

शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५. वीकेंडचे प्लॅन्स शिजत होते. आमच्या ग्रुपवर 'लोणावळा की कोलाड' असा घनघोर वाद चालू होता. आणि दुपारनंतर अचानक सगळ्यांच्या मोबाइलवर एकच बातमी येऊन आदळली. चारही कामगार संहिता लागू! कधीपासून? आजपासून!!

पुढचा अर्धा तास नुसता कल्ला. 'टेक होम कमी होणार का रे?' 'बेसिक वाढणार म्हणे.' 'माझा नोटीस पीरियड चालू आहे, मला दोन दिवसांत फुल अँड फायनल मिळणार का?' आमच्यातला एक जण एचआरमध्ये आहे. एरवी गुड मॉर्निंगचे मेसेज टाकणाऱ्या या प्राण्याने त्या दिवशी ग्रुप चक्क म्यूट केला.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कारण यातली खरी गंमत तारखांमध्ये आहे. वेतन संहितेवर राष्ट्रपतींची सही झाली ऑगस्ट २०१९ मध्ये. उरलेल्या तिघींवर, म्हणजे औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि सुरक्षा-आरोग्य संहितेवर, सप्टेंबर २०२० मध्ये. एप्रिल २०२१ पासून लागू होणार अशी जोरदार हवा होती, पण झाल्या नाहीत. मग 'पुढच्या तिमाहीत', मग 'निवडणुकीनंतर'. या पाच वर्षांत 'तुम्ही तयार आहात का?' या विषयावर किती सेमिनार झाले असतील, देव जाणे. त्यातले दोन-तीन मीही कव्हर केलेत. स्लाइड्स तशाच, बिस्किटंही तशीच. लग्न इतक्यांदा पुढे ढकललं गेलं की शेवटी वऱ्हाडाने कपडे घडी करून ठेवून दिले. आणि मग एक दिवस दारात थेट वाजंत्रीच!

असो. त्याच रात्री मला आमगावहून मामाचा फोन आला.

'बेटा, तू पेपरात लिहितेस ना? मंग मले सांग, हे चिठ्ठी द्या लागते म्हंते ते काय हाय?'

चिठ्ठी म्हणजे नियुक्तीपत्र. अपॉइंटमेंट लेटर!

मामाचा एम्प्लॉयर होतो...

माझा मामा एम्प्लॉयर आहे, हे मला त्या फोनपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. एम्प्लॉयर म्हणजे काचेची बिल्डिंग, गळ्यात पट्टा, वर्षातून एकदा अप्रेझलचं नाटक. मामाची गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळ छोटी राइस मिल आहे. आमच्याकडे धान खूप. दिवाळीच्या आगेमागे नवं धान निघालं की मिलची घरघर सुरू होते. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ शेतकऱ्यांकडून धान खरेदी करतात, ते भरडाईसाठी मिलवाल्यांकडे येतं आणि तांदूळ होऊन परत जातं. मिलमध्ये एक मिस्त्री, एक मुनीम, हमाल, बारदाना शिवणारे आणि झाडझूड-वाळवणाचं काम करणाऱ्या रेजा, असे मिळून चौदा जण. चौदांपैकी एकाकडेही तो इथे काम करतो असं सांगणारा कागद नाही. गंमत म्हणजे कुणी कधी मागितलाही नाही.

जानेवारीत मी महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली. ज्यांनी पुण्याहून गोंदियापर्यंत ही गाडी केली आहे त्यांना सांगायला नको. अख्खा दिवस आणि वर एक रात्र जाते, गाडीतले निम्मे लोक तुमचे नातेवाईक होऊन उतरतात. माझ्याकडे वेळच वेळ होता. म्हणून मी सुरक्षा-आरोग्य संहितेचं सहावं कलम वाचून काढलं. (ट्रेनमध्ये कामगार कायदा वाचणारी मुलगी बघून समोरच्या काकूंनी 'यूपीएससी का?' असं विचारलंच.)

त्या कलमात एम्प्लॉयरने काय काय करायचं याची यादी आहे. त्यातच ते वाक्य सापडलं, ज्याच्यावर मामाची झोप उडाली होती. प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र द्या. आणि जे आधीपासून कामावर आहेत पण ज्यांना पत्र मिळालेलं नाही, त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्या. म्हणजे फेब्रुवारी २०२६ चा तिसरा आठवडा. डेडलाइन!

आता पेपरात छापून आलं होतं की 'प्रत्येक कामगाराला' नियुक्तीपत्र. पण बॉस, बारीक अक्षरं वाचायची असतात. या संहितेत आस्थापना म्हणजे साधारणपणे जिथे दहा किंवा जास्त कामगार आहेत अशी जागा. चौकातलं चार पोरांचं मेडिकल स्टोअर त्या कलमात येत नाही. त्याला वेतन संहिता मात्र लागू, कारण किमान वेतन आता ठरावीक धंद्यांपुरतं उरलेलं नाही, सगळ्यांना आहे. मामाची माणसं चौदा. त्यामुळे मामा दोन्हीकडून सापडला.

'नऊच दाखवा ना!'

मी पोहोचले तेव्हा मामाने तयारी केली होती. त्याच्या पद्धतीने. गोंदियाला जाऊन एका कन्सल्टंटला भेटून आला होता. हा माणूस लायसन्सपासून लोनपर्यंत सगळं 'करून देतो'. असे लोक प्रत्येक तालुक्याच्या गावात असतात, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडचा अर्धा कायदा तेच चालवतात. त्याने तीन पर्याय दिले होते.

पहिला, रजिस्टरवर नऊच माणसं दाखवा. दहाच्या खाली आलात की झंझट खतम.

दुसरा, हमाल एखाद्या ठेकेदाराच्या नावावर टाका. मग ते तुमचे नाहीतच.

तिसरा, पत्रं देऊन टाका, पण सगळ्यांची रुजू तारीख १ डिसेंबर २०२५ लिहा. जुनं काही उकरायचं नाही.

मामाला तिसरा पर्याय पसंत होता. 'पत्र बी दिलं, आन् डोक्याले ताप बी नाही. काय वाईट हाय त्याच्यात?' त्याचा चेहरा इतका निरागस होता की मला हसूच आलं. मामा काही व्हिलन नाही. हमालाच्या मुलीच्या लग्नात तांदूळ मामाच्या मिलमधून जातो, दवाखान्याचे पैसे मामा देतो, मंडईच्या वेळी उचल देतो आणि बऱ्याचदा विसरूनही जातो. त्याच्या मते तो कायद्यापेक्षा जास्तच देतो. पण ते सगळं मर्जीचं. कागदावर आलं की ते हक्काचं होतं, आणि मामाला भीती नेमकी त्याचीच वाटत होती.

'कागद काढला म्हंजे तो माह्या गळ्यात पडला ना?'

या वाक्याने मला आजी आठवली. मामाची आई. कारण हे वाक्य आमच्या जिल्ह्यात फार जुनं आहे. फक्त तेव्हा ते तांदळाबद्दल नव्हतं, विडीबद्दल होतं.

आजीची एम्प्लॉयर कोण?

आजी घरी विड्या वळायची. तिरोड्याच्या बाजूला एका गावात. तेंदूपान आणि तंबाखू सट्टेदार आणून द्यायचा, संध्याकाळी विड्या मोजून न्यायचा, वाईट म्हणून काही बाजूला काढायचा आणि हजाराच्या भावाने पैसे द्यायचा. विडी विकली जायची एका मोठ्या छापाच्या नावाने. पण त्या छापाचा मालक आजीने जन्मात पाहिला नाही. मग आजी कुणाकडे कामाला होती? मालकाकडे की सट्टेदाराकडे? की कुणाचकडे नाही, आपल्या ओसरीत बसून आपला धंदा करत होती?

हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे, एकदा नाही, चार-पाच वेळा! मला हे कळलं तेव्हा मी उडालेच.

१९५८ सालच्या चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या खटल्यात कोर्टाने म्हटलं, सट्टेदार हा स्वतंत्र ठेकेदार आहे, त्यामुळे तो आणि त्याची माणसं कारखान्याचे कामगार नाहीत. (लक्षात घ्या, १९५६ पर्यंत आपला हा सगळा विदर्भ मध्य प्रदेशातच होता. सट्टेदारीची ही पद्धत आमच्या घरातली.) मग १९६० मध्ये नागपूरच्या एका विडी कारखान्याचा खटला आला. तिथले लोक कारखान्यात बसूनच वळायचे, पण यायची-जायची वेळ आपापल्या मर्जीची, पैसे नगावर. मालकाचं म्हणणं, मग हे कसले कामगार? तिथे कोर्ट म्हणालं, नाही, माल मालक तपासतो, खराब विडी मालक नाकारतो, एवढा ताबा पुरे आहे. हे कामगारच. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, सिन्नरच्या विडी कारखान्याची केस. जवळजवळ तेच प्रश्न, आणि निकाल उलटा! तोही एकमताने नाही, तीनपैकी एका न्यायमूर्तींनी वेगळं मत लिहिलं.

म्हणजे तेंदूपान तेच, हात तेच, बोटाचा वेगही तोच, पण नागपुरात तुम्ही कामगार आणि सिन्नरला नाही.

शेवटी १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा आला. घरी बसून वळणाऱ्या बाईलाही त्याने कामगार म्हटलं. मालकांना तो पसंत पडला नाही, ते कोर्टात गेले, १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला. १९७७ मध्ये विडी धंद्याला पीएफ लागू झाला. पुन्हा कोर्ट. १९८५ मध्ये कोर्टाने सांगितलं की घरी वळणाऱ्यांनाही पीएफ लागू.

आता हिशेब करा. १९५८ ते १९८५, सत्तावीस वर्षं. एवढा काळ 'तू माझी कामगार नाहीस' हे सिद्ध करण्यात आणि 'आहे' हे मान्य करवून घेण्यात गेला. कायदा येतोय म्हटल्यावर धंद्याने केलेली सगळ्यात मोठी तयारी कुठली? मध्ये एक माणूस उभा करायचा आणि म्हणायचं, मी मालकच नाही!

मामाच्या कन्सल्टंटने सुचवलेले पर्याय एक आणि दोन म्हणजे याच जुन्या चित्रपटाचा रीमेक आहे.

आणि हो, नव्या संहितांनी या रीमेकला थोडी मदतही केली आहे, हे सांगायलाच हवं. कंत्राटी कामगारांचा जुना १९७० चा केंद्रीय कायदा वीस कामगारांपासून लागू व्हायचा. आता तो आकडा पन्नास आहे. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही, आधी केंद्रीय कायद्यात हा आकडा शंभर होता. देशातल्या दहा केंद्रीय कामगार संघटनांनी २६ नोव्हेंबर २०२५ ला निदर्शनं केली, ती काही उगाच नाही. सरकार म्हणतं, एकोणतीस कायद्यांचे चार झाले, सुटसुटीत झालं. दोन्ही बाजूंच्या प्रेस नोट्स वाचल्या की वाटतं हे लोक वेगवेगळ्या कायद्यांबद्दल बोलताहेत. पण नियुक्तीपत्राच्या कलमाबद्दल मला तरी दोघांत भांडण दिसलं नाही.

पेटीतलं कार्ड

रात्री जेवणं झाल्यावर मी मामीला आजीची पेटी काढायला लावली. लुगडी, एक पितळी डबा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आजीचं विडी कामगाराचं ओळखपत्र. फोटोतली आजी कॅमेऱ्यावर चिडलेली दिसते.

१९७६ च्या कायद्याने विडी कामगारांसाठी कल्याण निधी सुरू झाला होता. दवाखाना, घरकुल, मुलांना शिष्यवृत्ती. पण यातलं काहीही मिळायला आधी हे कार्ड लागायचं. हे कार्ड असलं तरच तुम्ही विडी कामगार. नसलं तर तुम्ही वीस वर्षं वळा की चाळीस, तुम्ही कुणीच नाही. आमच्या आजीला ते मिळवायला किती हेलपाटे पडले याच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्यात. सट्टेदार लिहून द्यायला तयार नव्हता. त्यालाही तीच भीती. लिहून दिलं म्हणजे गळ्यात पडली!

शेवटी मिळालं. आणि त्या कार्डावर मामाला शाळेत शिष्यवृत्ती मिळाली. मग तो मुनीम झाला, मग बँकेचं कर्ज काढून १९९८ मध्ये मिलवाला.

मी काही बोलले नाही. मामाही काही बोलला नाही. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, परत पिशवीत ठेवलं आणि मॅच लावली.

तुमचं काय?

मिलमध्ये पुढे काय झालं ते सांगते, पण त्याआधी एक छोटासा ब्रेक. कारण तुम्ही मनात म्हणत असाल, मामाचं ठीक आहे, माझ्या सीटीसीचं काय?

सोप्या भाषेत सांगते. वेतनाची व्याख्या सगळीकडे एक झाली आहे. बेसिक आणि महागाई भत्ता सोडून बाकीचे भत्ते मिळून एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. समजा महिन्याला पन्नास हजार आहेत आणि कंपनीने बेसिक ठेवलंय फक्त पंधरा हजार. भत्ते झाले पस्तीस. निम्मे म्हणजे पंचवीस. वरचे दहा हजार वेतनात आले, वेतन झालं पंचवीस हजार. पीएफ जर कंपनी पंधरा हजारांच्या मर्यादेवरच कापत असेल, तर हातात येणारा पगार या एका कारणाने बदलायची गरज नाही, त्यामुळे लगेच बीपी वाढवू नका. फरक पडतो ग्रॅच्युइटीत. दर वर्षाचे पंधरा दिवसांचे पैसे, महिना सव्वीस दिवसांचा धरून. पंधरा हजारांवर ते वर्षाला साधारण आठ हजार साडेसहाशे होतात, पंचवीस हजारांवर चौदा हजार चारशेच्या वर.

फिक्स्ड टर्मवर असाल तर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबायला नको, एक वर्षाचं काम झालं की पुरे. नोकरी सोडलीत किंवा काढलं, तर वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत. पगाराच्या रजेचा हक्क २४० ऐवजी १८० दिवस काम केल्यावर. हे सगळं चांगलंच आहे. फक्त यासाठी तुम्ही आधी कुणाचे तरी कर्मचारी असायला हवं.

आता हे लिहिणारीबद्दल. मी फ्रीलान्सर आहे. माझ्याकडे नियुक्तीपत्र नाही. एका ठिकाणी मी दोन वर्षं रोज जात होते, टेबल होतं, मग होता, कॅबिनमधून हाकाही यायच्या, आणि व्हाउचरवर लिहिलेलं असायचं 'मानधन'. एका सोमवारी टेबलावर दुसरीच मुलगी बसली होती. तक्रार करायला गेले तर माझ्याकडे दाखवायला काय होतं? मग! तेव्हा मामाच्या हमालांपेक्षा मी फार वेगळी आहे असा माझा आव नाही. मीही सट्टेदाराकडून पान-तंबाखू आणून घरी वळणारी बाईच. ब्रेक संपला.

कधी लागला रे कामाला?

दुसऱ्या दिवशी मिलच्या ऑफिसात बसलो. ऑफिस म्हणजे धुळीने पांढरं झालेलं टेबल, लक्ष्मीचा फोटो आणि वजनकाट्याची खिडकी. मी लॅपटॉप उघडला. केंद्राने ३० डिसेंबर २०२५ ला नियमांचे मसुदे काढले होते, त्यावरून मी एक साधं मराठी पत्र तयार करून नेलं होतं. राइस मिलसाठी राज्याचे नियम महत्त्वाचे, ते नमुना देतील तेव्हा बदलू म्हटलं, पण कलमातली तीन महिन्यांची मुदत काही थांबणार नाही. नाव, हुद्दा, कामाचा वर्ग, वेतन. आणि एक रकाना, 'रुजू झाल्याची तारीख'.

मामाने मुनिमाकडे पाहिलं. मुनिमाने छताकडे.

पहिला आला सगळ्यात जुना हमाल. साठीच्या जवळचा, केस आणि भुवयांवर कोंडा, हातात गमछा. मी विचारलं, 'काका, कधीपासून आहात इथे?'

'जिल्हा झाला ना, त्या वर्सी. दिवाळीच्या पैले.'

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर १९९९. सव्वीस वर्षं!

मामाने मला डोळ्यांनी खुणावलं, बाहेर बोलावलं. 'बेटा, तू ते लिहू नको. हिशोब कर ना किती होते ते.'

हिशोब मी ट्रेनमध्येच करून ठेवला होता. त्याचा पगार तेरा हजार. सव्वीस दिवसांचा महिना, पंधरा दिवसांचे पैसे, गुणिले सव्वीस वर्षं. सव्वीसला सव्वीस उडतात. उरतात तेरा हजार गुणिले पंधरा. एक लाख पंच्याण्णव हजार रुपये!

मामा मटकन बाकड्यावर बसला. 'आन् हे सारं या नव्या कायद्यानं?'

इथेच खरी मेख आहे, आणि मला वाटतं त्या सगळ्या सेमिनारांमध्ये मी हे एकदाही नीट ऐकलं नव्हतं. नाही, नव्या कायद्याने नाही! ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा आहे. दहा माणसं असली की तो लागू होताच. आणि एकदा लागू झाला की पुढे माणसं दहाच्या खाली गेली तरी सुटका नाही, हेही त्या जुन्या कायद्यातच होतं. म्हणजे 'नऊच दाखवा' ही आयडिया कधीच मेली होती. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा. पगार वेळेवर देण्याचा १९३६ चा. मामावर हे देणं सव्वीस वर्षं दरवर्षी वाढतच होतं. फक्त ते कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून नाही असं वाटत होतं. हमालालाही, मामालाही.

'म्हंजे हे कर्ज माह्यावर हायेच?'

'हो मामा.'

'आन् १ डिसेंबर लिहिलं तं?'

'तर तुम्ही खोटी तारीख लिहिली असं होईल. तुमच्या सहीने. आणि तुमच्याच जुन्या हजेरी वह्या ऑफिसात पडल्या आहेत.'

मुनीम पुन्हा छताकडे बघू लागला. त्या वह्या त्यानेच लिहिल्या होत्या.

मी मामाला दुसरी बाजूही सांगितली. कायद्यात आता इन्स्पेक्टरचं नाव निरीक्षक-सुविधाकार झालंय. वेतन संहितेत पहिल्याच चुकीला थेट खटला नाही, आधी सुधारण्याची मुदत द्यायची असं लिहिलंय. कमी वेतन दिल्याचा दंड मात्र पन्नास हजारांपर्यंत जाऊ शकतो. ग्रॅच्युइटी उद्याच द्यायची नसते, माणूस काम सोडेल तेव्हा द्यायची असते. पण चौदांपैकी चार जण पुढच्या काही वर्षांत थांबतील. त्या चौघांचे आकडे आज कागदावर आले, तर मामा दरवर्षी थोडे बाजूला काढू शकेल. नाही आले, तर एक दिवस कुणाचा तरी वकील मुलगा नागपूरहून येईल आणि सगळे एकदम मागेल. तयारी म्हणजे काय, तर एवढंच. देणं किती आहे हे आधी स्वतःला सांगणं.

मामा बराच वेळ गप्प होता. बाहेर ट्रॅक्टर आला, त्याने जाऊन धानात हात घालून ओल बघितली, दोन दाणे दाताखाली चावले, परत आला. मग मुनिमाला म्हणाला, 'वह्या काढ.'

वह्या निघाल्या, पण...

पुढचे दोन दिवस म्हणजे अस्सल सिनेमा. हजेरी वह्यांना वाळवी लागलेली. २००६ ची वही गायबच. एकाचं नाव आधारवर वेगळं, बँकेत वेगळं, आणि मिलमध्ये गेली पंधरा वर्षं त्याला सगळे तिसऱ्याच नावाने हाक मारतात. तारखा कुणालाच आठवत नव्हत्या, पण वर्षं सगळ्यांना पाठ. कुणी मोठ्या पुराच्या वर्षी आला होता, कुणी छोट्या लाइनची गाडी बंद व्हायच्या आधी. मी ते लिहून घेत होते आणि मुनीम वह्यांशी ताळा जमवत होता. बहुतेकांचं वर्ष बरोबर निघालं.

रेजांची गोष्ट निराळी. तिघीजणी. मामाचं म्हणणं, त्या काही रोजच्या नाहीत, सीझनला येतात. एक जण फटकन म्हणाली, 'सेठ, सीझन नसते तवा मिल झाडते कोन?' मिस्त्री फिदीफिदी हसला. मामाने तिचं नाव यादीत टाकलं. मग दुसरीचं. तिसरी त्या दिवशी आलीच नव्हती.

वेतनाच्या रकान्यातही एक घोळ निघाला. हमालांचे पैसे पोत्यावर, महिन्याला नाही. कमी पोती आलेल्या महिन्यात दोघांचा हिशेब किमान वेतनाच्या खाली जात होता. मामाला हे खरंच माहीत नव्हतं, कारण तो हिशेब महिन्याचा कधी केलाच नव्हता. ते दुरुस्त करायचं ठरलं. किती आणि कधीपासून, यावर मामा-मुनिमाची जुंपली, ती मी निघेपर्यंत संपली नव्हती.

जुन्या हमालाला पत्र दिलं तेव्हा त्याने ते आधी उलटं धरलं. मग मी वाचून दाखवलं. 'रुजू दिनांक, ऑक्टोबर १९९९' ऐकल्यावर त्याने मामाकडे पाहिलं आणि विचारलं, 'सेठ, याच्यावर बँक कर्ज देते का?' मामा म्हणाला, 'मले काय मालूम? इचारून पाय.' त्याने पत्राची घडी घातली, बारदान्याच्या ढिगातून एक प्लास्टिकची पिशवी शोधली, त्यात ठेवलं आणि पुढचं पोतं उचलायला गेला.

परतीच्या गाडीत वर्धा ओलांडली आणि मामाचा फोन आला. तीन पत्रांवरची नावं आधारशी जुळत नाहीत, उद्या नवी करून पाठव. आणि हो, ती तिसरी रेजा आज आली होती. तिची तारीख सापडत नाहीये, पण ती म्हणते की तिचा पोरगा पोटात होता तेव्हा लागली, आणि पोरगा आता बारावीला आहे. 'तं काय लिहू?'

मी म्हटलं, 'पोराचा जन्मदाखला मागवा मामा.'